कन्नमवार, मारोतराव सांबशिव

(१० जानेवारी १९०० – २४ नोव्हेंबर १९६३). महाराष्ट्र राज्याचे दुसरे मुख्यमंत्री, स्वातंत्र्यचळवळीतील कार्यकर्ते व विदर्भातील काँग्रेस पक्षाचे एक प्रमुख संघटक. २० नोव्हेंबर १९६२ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे एक वर्ष व चार दिवस, ते मुख्यमंत्री होते. चांदा (नंतरचा चंद्रपूर) हा जुना वनप्रधान जिल्हा आज चंद्रपूर व गडचिरोली अशा दोन जिल्ह्यांत विभागलेला आहे. ह्या प्रदेशातून निवडून येऊन राज्याचे मुख्यमंत्रिपद मिळविणारी दुसरी व्यक्ती झालेली नाही. अधिकाराचा काळ अल्प असल्यामुळे महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात यशवंतराव चव्हाण व वसंतराव नाईक ह्या दोन दीर्घ आणि प्रभावी कारकीर्दींमधील एक टप्पा एवढ्याच दृष्टीने त्यांच्याकडे पाहिले जाते. तथापि जमीनजुमला, उच्च शिक्षण किंवा संख्याबळ असलेल्या जातसमूहाचा आधार यांपैकी काहीही नसताना, राज्याच्या अगदी पूर्व टोकाच्या जिल्ह्यातील एका कार्यकर्त्याला हे पद कसे मिळाले आणि त्या पदाचा त्याच्या जिल्ह्याला कितपत उपयोग झाला, हे दोन्ही प्रश्न महाराष्ट्राच्या घडणीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

प्रादेशिक पार्श्वभूमी : कन्नमवारांच्या जन्मकाळी चांदा हा मध्य प्रांतातील एक मोठा परंतु विरळ वस्तीचा जिल्हा होता. गोंड राजांची राजधानी असलेले चांदा शहर अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांकडे गेले. तिसरे रघूजी भोसले यांच्या मृत्यूनंतर १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि हा मुलूख इंग्रजी अंमलाखाली आला. त्यानंतर चारच वर्षांनी बाबूराव शेडमाके ह्या गोंड जमीनदाराने इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्याला २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांदा येथे फाशी देण्यात आले. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती व गोदावरी ह्या नद्यांनी वेढलेल्या व विभागलेल्या ह्या जिल्ह्याचे दोन निराळे भाग पडत. पश्चिमेकडे वरोडा, भद्रावती, बल्लारपूर ह्या पट्ट्यात कोळसा, रेल्वे व काळी जमीन होती. वैनगंगेच्या पूर्वेस घनदाट अरण्य, अहेरीसारख्या विस्तीर्ण जमीनदाऱ्या आणि गोंड व माडिया लोकांची वस्ती होती. मूल, सावली, ब्रह्मपुरी ह्या मधल्या भागात तलावांच्या पाण्यावर धानाची शेती होत असे. आलापल्लीच्या सागवानाची कीर्ती दूरवर पसरलेली होती. मात्र राखीव जंगलांच्या कायद्यांनी तेथील रहिवाशांचे चराई, सरपण व वनोपज यांवरील परंपरागत हक्क आकुंचित केले होते. पावसाळ्यात सिरोंचा व एटापल्लीकडील भागाचा जिल्ह्याच्या ठिकाणाशी संपर्क तुटणे ही नित्याची बाब होती.

भाषिक दृष्ट्याही हा सीमाप्रदेश होय. मराठी, गोंडी, तेलुगू व छत्तीसगढी ह्या भाषा येथे एकमेकींच्या शेजारी नांदतात. ‘वार’ हा शेवट असलेली आडनावे चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड ह्या तेलंगणालगतच्या भागांत सर्रास आढळतात. कन्नमवार हे त्यांपैकीच एक आडनाव आहे.

पूर्वायुष्य व राजकीय कार्य : मारोतरावांचा जन्म सामान्य व गरीब कुटुंबात झाला. वृत्तपत्रे विकून त्यांनी काही काळ उदरनिर्वाह केला. वृत्तपत्रविक्रेता ते मुख्यमंत्री हा त्यांचा प्रवास चंद्रपूर परिसरात पुढे आख्यायिकेसारखा सांगितला जाऊ लागला. त्यांचे औपचारिक शिक्षण फार झाले नाही. वकिली, मालगुजारी किंवा सावकारी ह्या मार्गांनी राजकारणात येणाऱ्या तत्कालीन पुढाऱ्यांच्या मालिकेत ते बसत नव्हते. काँग्रेसचा पूर्णवेळ कार्यकर्ता हीच त्यांची ओळख होती. गावोगाव हिंडणे, सभासद नोंदणे, सभा भरविणे, तंटे मिटविणे व निवडणुकीची सिद्धता करणे ह्या कामांतून त्यांचे नेतृत्व घडले. राष्ट्रीय चळवळीत त्यांना कारावासही घडला. लोक त्यांना ‘दादासाहेब’ म्हणत. ‘कर्मवीर’ ही उपाधीही त्यांच्या नावामागे रूढ झाली.

चांदा जिल्ह्यात राष्ट्रीय चळवळीला स्वतःचा असा इतिहास आहे. १९३० साली मध्य प्रांत व वऱ्हाडात जंगल सत्याग्रह झाला. जंगलचे कायदे हा ह्या भागातील जनतेच्या रोजच्या अनुभवाचा विषय असल्याने मिठाच्या सत्याग्रहापेक्षा जंगल सत्याग्रह तिला अधिक जवळचा वाटणे स्वाभाविक होते. सावली हे खादीकार्याचे केंद्र बनले. १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन तेथे भरले, तेव्हा महात्मा गांधी उपस्थित होते. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर येथे जनतेचा उद्रेक होऊन त्यात सरकारी अधिकारी मारले गेले. त्यानंतर गावावर कठोर दडपशाही झाली व अनेकांना फाशीच्या शिक्षा फर्मावण्यात आल्या. पुढे लोकमताच्या दडपणामुळे त्या शिक्षा सौम्य करण्यात आल्या. अशा वातावरणात उभ्या राहिलेल्या काँग्रेस संघटनेत कन्नमवार वरच्या पायरीवर चढत गेले. जिल्हा पातळीवरून ते प्रांतिक पातळीवर आले आणि नागपूर प्रदेश काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

मध्य प्रदेशातील मंत्रिपद : १९५० नंतरच्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी नागपूर होती. त्या राज्यात हिंदी भाषिक महाकोशल व मराठी भाषिक आठ जिल्हे एकत्र होते आणि सत्तेचा तोल महाकोशलाकडे झुकलेला होता. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर पं. रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात कन्नमवारांचा समावेश झाला व आरोग्यखाते त्यांच्याकडे देण्यात आले. हिवताप व कुष्ठरोग यांनी ग्रासलेल्या जिल्ह्यातून आलेल्या मंत्र्याकडे हे खाते येणे औचित्याचे होते. ह्याच काळात, १९५३ मध्ये, हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला व १९५५ मध्ये कुष्ठरोग नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. वरोड्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन ह्याच वर्षांत आकार घेत होते. शासनाच्या दृष्टीनेही हा संक्रमणाचा काळ होता. १९५१ पासून मालगुजारी व जमीनदारी हक्क रद्द झाल्याने चांदा जिल्ह्यातील जुनी सत्तारचना मोडली होती आणि तिची जागा महसूल खाते, वन खाते व राजकीय पक्ष यांनी घेतली होती. कन्नमवारांसारख्या संघटकाचे महत्त्व वाढण्यामागे हेही एक कारण होते. खेड्याचे गाऱ्हाणे पूर्वी जमीनदाराच्या कचेरीत जात असे, ते आता पक्षाच्या कार्यकर्त्यामार्फत सरकारदरबारी जाऊ लागले.

विदर्भाचा प्रश्न व मुंबई राज्य : कन्नमवारांच्या पुढील राजकारणाचा उलगडा विदर्भाच्या प्रश्नावाचून होत नाही. मराठी भाषिक आठ जिल्ह्यांचे स्वतंत्र राज्य करावे, अशी मागणी ह्या भागात १९३८ पासून विधिमंडळाच्या पातळीवर मांडली जात होती. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. सर्व मराठी भाषिकांच्या एका राज्यात विदर्भाला विकासखर्च, नोकऱ्या व शिक्षण यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा आणि नागपूरला विधिमंडळाचे एक अधिवेशन अशी आश्वासने त्यात देण्यात आली. राज्यपुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये मात्र स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली. केंद्र सरकारने ती स्वीकारली नाही आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ, मराठवाडा, गुजरात, सौराष्ट्र व कच्छ यांसह द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. नागपूरचे राजधानीपण गेले व चांदा शहरापासूनची राजधानी सुमारे हजार किलोमीटर दूर गेली.

लोकनायक बापूजी अणे व ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखे ज्येष्ठ नेते स्वतंत्र विदर्भाचे समर्थक होते. कन्नमवारांनी पक्षाचा निर्णय मानला व ते यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात सहभागी झाले. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात व मुंबईत काँग्रेसला जबर तडाखा दिला. ३९६ पैकी २३४ जागा मिळवून काँग्रेस सत्तेवर राहू शकली, ती मुख्यतः विदर्भ, मराठवाडा व गुजरात ह्या विभागांच्या बळावर. त्यामुळे विदर्भातील पक्षसंघटना ज्यांच्या हाती होती, त्यांचे राजकीय वजन एकाएकी वाढले. मुंबईच्या राजकारणात नवख्या असलेल्या कन्नमवारांच्या प्रतिष्ठेचा हा खरा पाया होय. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर त्यांच्याकडे इमारती व दळणवळण हे खाते होते. रस्ते व पूल यांची उणीव ज्या जिल्ह्याला सर्वाधिक जाणवत होती, त्या जिल्ह्याच्या प्रतिनिधीकडे हे खाते आले होते. १९६२ च्या निवडणुकीत ते सावली मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले. त्या निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या.

मुख्यमंत्रिपद : ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने भारतावर आक्रमण केले. २६ ऑक्टोबर रोजी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाली. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले आणि पंतप्रधान नेहरूंनी त्या जागी यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीस बोलाविले. काँग्रेस विधिमंडळ पक्षाने कन्नमवारांना नेते निवडले व २० नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची सूत्रे हाती घेतली. दुसऱ्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली.

ह्या निवडीमागे ज्येष्ठता व चव्हाणांचा विश्वास यांबरोबरच एक व्यापक विचार होता. राज्य स्थापन होऊन अवघी अडीच वर्षे झाली होती. नव्या राज्यात पश्चिम महाराष्ट्राचेच वर्चस्व राहील, ही विदर्भातील शंका दूर झालेली नव्हती. विदर्भाच्याही अगदी कडेच्या जिल्ह्यातील व्यक्ती राज्याच्या सर्वोच्च राजकीय पदावर बसणे हे त्या शंकेला कृतीने दिलेले उत्तर होते. शिवाय पश्चिम महाराष्ट्रातील मातब्बर पुढाऱ्यांमधील स्पर्धेत कोणाही एकाची बाजू घेण्याचा प्रसंग त्यामुळे टळला.

कन्नमवारांची कारकीर्द आणीबाणीच्या छायेतच गेली. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी पैसा व सोने गोळा करणे, उत्पादन चालू ठेवणे आणि काटकसर करणे हे त्या वर्षी सर्वच राज्य सरकारांचे मुख्य काम होते. जानेवारी १९६३ मधील सुवर्णनियंत्रणाने सराफ व सोनार यांचा धंदा अडचणीत आला. मुंबई ही देशातील सोन्याची प्रमुख बाजारपेठ असल्याने त्याची झळ महाराष्ट्राला विशेष लागली. वाढत्या किमती, सक्तीची बचत व वाढीव कर यांमुळे कामगार व मध्यमवर्ग यांत असंतोष होता. नवे मोठे उपक्रम हाती घेण्यास ही परिस्थिती अनुकूल नव्हती. तरीही चव्हाणांच्या काळात पायाभरणी झालेल्या अनेक योजना ह्या वर्षात प्रत्यक्षात आल्या. त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची म्हणजे पंचायत राज्यव्यवस्था होय. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १९६१ साली झालेल्या कायद्यान्वये १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. त्यांचे पहिले संपूर्ण वर्ष कन्नमवारांच्या कारकीर्दीत गेले. शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा व महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे कार्य हीदेखील त्याच काळात मार्गी लागत होती.

ऑगस्ट १९६३ मध्ये कामराज योजनेनुसार सहा राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी पक्षकार्यासाठी पदे सोडली. त्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. आयुष्यभर पक्षकार्य करूनच सत्तेत आलेले कन्नमवार पदावर कायम राहिले. मात्र त्यानंतर तीनच महिन्यांनी, २४ नोव्हेंबर १९६३ रोजी, अधिकारपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. पी. के. सावंत यांनी काही दिवस हंगामी मुख्यमंत्री म्हणून काम पाहिले व ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. नाईक हेही विदर्भातील, यवतमाळ जिल्ह्याचे. अशा रीतीने राज्याच्या दुसऱ्या वर्धापनदिनानंतर लवकरच विदर्भाकडे आलेले मुख्यमंत्रिपद १९७५ पर्यंत विदर्भाकडेच राहिले.

जिल्हा व नेतृत्व : कन्नमवारांच्या यशाला त्यांच्याच जिल्ह्यात एक विरोधी सूर होता. १९६२ साली चांदा लोकसभा मतदारसंघात काँग्रेसचा पराभव होऊन लाल श्याम शाह हे अपक्ष गोंड नेते निवडून आले. पानाबारसचे जमीनदार असलेल्या शाहांचा प्रभाव छत्तीसगढच्या सीमेवरील आदिवासी गावांत मोठा होता आणि जल, जंगल व जमीन यांवरील आदिवासींचा हक्क हाच त्यांच्या राजकारणाचा विषय होता. त्याच वर्षी नागपूर मतदारसंघातून बापूजी अणे हेही अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले. ज्या वर्षी चांद्याचा पुढारी राज्याचा मुख्यमंत्री झाला, त्याच वर्षी त्या जिल्ह्याने दिल्लीत आपला प्रतिनिधी म्हणून सत्ताधारी पक्षाबाहेरचा माणूस पाठविला होता. धानपट्ट्यातील गावे व शहरे यांतून काँग्रेसची संघटना भक्कम होती. अरण्यातील वस्त्यांपर्यंत मात्र ती तेवढ्या खोलवर पोहोचली नव्हती, हे त्या निकालाने दाखविले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या दंडकारण्यातील पुनर्वसनाच्या प्रश्नावर १९६४ मध्ये शाहांनी लोकसभेचा राजीनामा दिला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत कन्नमवारांच्या पत्नी ताई कन्नमवार काँग्रेसतर्फे निवडून आल्या.

त्यानंतरच्या काळात जिल्ह्याचा पश्चिम भाग झपाट्याने बदलला. कोळसा खाणी वाढल्या, भद्रावतीला दारूगोळ्याचा कारखाना आला, सिमेंटचे कारखाने उभे राहिले व १९८० नंतरच्या दशकात औष्णिक विद्युत् केंद्र सुरू झाले. वैनगंगेपलीकडच्या भागाला ह्या उद्योगांचा लाभ फारसा झाला नाही. एकाच जिल्हा कचेरीतून एवढ्या विस्तीर्ण मुलखाचा कारभार चालविणे अशक्य असल्याचे मान्य होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. विभाजनानंतर चंद्रपूरचे क्षेत्रफळ ११,४४३ चौ. किमी. व गडचिरोलीचे १४,४१२ चौ. किमी. झाले. मात्र रेल्वे गडचिरोली जिल्ह्यात दीर्घकाळ वडसा (देसाईगंज) ह्या एका टोकालाच स्पर्श करीत राहिली. सावली परिसरातील धानशेतीचा आधार असलेल्या आसोलामेंढा तलावाला वैनगंगेचे पाणी देणाऱ्या गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली व त्याचे काम पुढे कित्येक दशके रेंगाळले. जंगलावरील हक्काचा जो प्रश्न १९३० च्या सत्याग्रहात व १९६२ च्या मतदानात व्यक्त झाला होता, त्याला कायदेशीर उत्तर मिळण्यास २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. त्या कायद्यान्वये सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गावाची गणना होते. हे यश कोणा मंत्र्याने मिळवून दिलेले नव्हते, ते ग्रामसभेने मिळविलेले होते.

मूल्यमापन : कन्नमवार हे वक्ते, ग्रंथकार किंवा विचारवंत म्हणून प्रसिद्ध नव्हते. माणसे ओळखणे, त्यांना एकत्र ठेवणे व पक्षाचा निर्णय एकदा झाल्यावर तो निष्ठेने पाळणे हे त्यांचे गुण होते. हाच त्यांच्या राजकारणाचा आधार होता व मर्यादाही होती. विदर्भातील काँग्रेस संघटना द्वैभाषिक राज्याच्या आणि नंतर महाराष्ट्राच्या पाठीशी उभी राहिली, यात त्यांचा वाटा मोठा आहे. नवे राज्य एकसंध राहण्यास त्यामुळे मदत झाली. परंतु त्यांच्या जिल्ह्याचा मागासलेपणा हा एखाद्या पदामुळे दूर होणारा नव्हता. त्याची मुळे वनकायदे, दुर्गमता व जुनी जमीनव्यवस्था यांत खोलवर रुजलेली होती आणि आणीबाणीतील एक वर्ष त्यांना हात घालण्यास अपुरे होते. मागास प्रदेशाचा माणूस सत्तेच्या शिखरावर पोहोचणे आणि तो प्रदेश सत्तेत सहभागी होणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या चरित्रावरून स्पष्ट होते. त्यांपैकी पहिली गोष्ट लोकशाहीत शक्य आहे, हे कन्नमवारांनी सिद्ध केले, आणि स्वातंत्र्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत ते घडले, ही सामान्य घटना नव्हे.

मुंबईतील विक्रोळी येथील मोठ्या गृहनिर्माण वसाहतीला ‘कन्नमवारनगर’ असे नाव देऊन राज्याने त्यांची स्मृती जतन केली आहे. चंद्रपूर जिल्ह्यात मूल व परिसरात त्यांच्या नावाच्या संस्था आहेत आणि गरिबीतून वर आलेल्या कार्यकर्त्याचे उदाहरण म्हणून त्यांचे नाव तेथे आदराने घेतले जाते.